दोन घासांचं वजन

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी खोटा आहे. माझी दांडी सरळ आहे, पारडी स्वच्छ आहेत, मधला काटाही रिकाम्या वेळी अगदी मधोमध उभा राहतो. खोट आहे ती माझ्या एका वजनात. मापं तपासणारा साहेब कधी या स्वयंपाकघरात आला, तर तो मला उचलून भंगारात टाकायला सांगेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. तरीही या खोटेपणाची मला लाज वाटत नाही. ती का वाटत नाही, हे तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पितळ ओतण्याच्या कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी खडबडीत होतो. मग एका कारागिराने मला कानशीने घासलं, चकचकीत केलं आणि शेवटी पारड्यांत काहीही न ठेवता मला टांगून काट्याकडे श्वास रोखून पाहत राहिला. आम्हा तराजूंची परीक्षा अशी रिकाम्या पोटी होते. मी पास झालो. माझ्याबरोबर वजनांचं अख्खं कुटुंब आलं. थोरलं वजन जाडजूड, पण तळाला वाटीसारखं पोकळ. मग मधली भावंडं. आणि शेवटी दोन चिमुकली वजनं, इतकी लहान की बोटाच्या पेरावर मावतील. ही दोघं फक्त मीठ आणि यीस्ट तोलायची.

मला विकत घेतलं ते एका तरुण बेकरीवाल्याने. पुढे मी त्यांना जन्मभर मालक म्हटलं, इथेही तेच म्हणतो. त्यांच्या बेकरीच्या ओट्यावर, भट्टीच्या समोर, माझी जागा ठरली. पहाटे पीठ मळून व्हायचं, मग एकेक गोळा माझ्या पारड्यात पडायचा. मालक प्रत्येक गोळा जरा जड घ्यायचे आणि वर एक चिमूट पीठ आणखी लावायचे. नवा कामगार आला की हमखास विचारायचा, हे वरचं कशाला? मालक म्हणायचे, भट्टी आपला वाटा घेते, पाव भाजला की हलका होतो. म्हणून तोलायचं ते कच्चं. भाजल्यावर तोलून डोक्याला हात लावण्यात काय अर्थ?

हे बोलणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या बेकरीत मी मानाने जगलो. गल्लीत इतर दुकानं होती, इतर तराजू होते, आणि त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलायचे ते मी ऐकलेलं आहे. आमच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. एकदा एक खडूस गिऱ्हाईक घरून स्वतःचा तराजू घेऊन आलं आणि सगळ्यांसमोर पाव तोलून बसलं. पाव ठरलेल्यापेक्षा जडच भरला. तो माणूस तोंड लपवून निघून गेला आणि मालकीणबाई गल्ल्यावर बसून पोट धरून हसल्या. त्या फार लवकर गेल्या. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता.

हा मुलगा अंगाने काटकुळा. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नसे. कामगार त्याला काडीपैलवान म्हणायचे, आणि पुढे बेकरीत ते नावच झालं. एका दुपारी मैद्याची पोती उतरवणं चाललं होतं. कामगार एकेक पोतं पाठीवर घेऊन आत टाकत होते. पैलवानाच्या काय मनात आलं कोण जाणे, तोही एका पोत्याखाली शिरला. एक पाऊल टाकलं, दुसरं अर्धंच पडलं, आणि पोतं त्याच्यासकट एका बाजूला कलायला लागलं. मालकांनी भट्टीकडून नुसती मान वळवली आणि म्हणाले, "ठेव रे, मोडशील."

सगळे हसले. मालकही हसले. त्यांनी काळजीने म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण बोलून त्यांनी मान पुन्हा भट्टीकडे केली, म्हणून त्या पोराचा चेहरा त्यांना दिसला नाही. मला दिसला. त्याने पोतं खाली ठेवलं, हाताला लागलेला मैदा चड्डीला पुसला आणि मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर तो बेकरीत क्वचितच आला.

मग दिवस फिरले. मोठ्या कारखान्यांचा कापलेला, पिशवीत बांधलेला पाव दुकानादुकानांत दिसू लागला. मालकांची पाठही पोत्यांनी कामातून गेली होती. भट्टी बंद झाली. मळणीचं यंत्र एकाने नेलं, पत्र्याचे साचे दुसऱ्याने. मला मात्र मालकांनी कुणाला हात लावू दिला नाही. रिकाम्या पोत्यात गुंडाळून त्यांनी मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवलं. तिथे मी कितीतरी वर्षं पडून होतो. माझ्या एका पारड्यात कोळ्याने संसार थाटला. मालक रोज सकाळी घरच्या छोट्या भट्टीत एकच पाव भाजायचे, पण तो हाताच्या अंदाजाने. एका पावासाठी मला कशाला खाली काढतील?

कपाटावरून मला घर दिसायचं. घरात माणसं दोनच, बाप आणि मुलगा. मुलगा आता मोठा झाला होता आणि चष्म्याच्या दुकानात काम करत होता. भिंग घासून फ्रेमच्या आकाराचं करायचं आणि न तडकवता आत बसवायचं. बारीक, नाजूक काम. त्याच्या हाताला ते चांगलं जमायचं. दोघांत भांडण नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. संध्याकाळी मालक एकाच पातेल्यात दोघांचा भात शिजवायचे, दोन ताटं मांडायचे, सकाळच्या पावाची एक चकती मुलाच्या ताटात ठेवायचे. मुलगा ती आधी संपवायचा, मग जेवायचा. दोघांमध्ये जे काही नातं उरलं होतं, ते त्या टेबलावर तेवढ्या वेळापुरतं दिसायचं.

मग एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, बेकरीतला तराजू आहे का अजून?"

मालकांनी हातातलं काम टाकलं. मोडकी पाठ घेऊन ते स्वतः स्टुलावर चढले, मुलाला चढू दिलं नाही. मला खाली उतरवून लिंबू-मिठाने घासलं, कोळ्याला सन्मानाने खिडकीबाहेर सोडलं, वजनं एकेक करून कोरडी केली. मुलगा जिमला जायला लागला होता. तिथल्या प्रशिक्षकांना सगळे वस्ताद म्हणायचे. वस्तादांनी त्याला खाणं ठरवून दिलं होतं, आणि जिममध्ये वर्षातून एकदा नवशिक्यांची स्पर्धा व्हायची, तिच्यासाठी तयार व्हायचं होतं. खाणं कणभर इकडेतिकडे होता कामा नये, असा वस्तादांचा दंडक होता. मालकांनी मला ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हा घे. हा कुणाला फसवत नाही."

आम्ही दोघंही त्या दिवशी खुशीत होतो. बेकरीतलं काहीतरी त्या पोराने पहिल्यांदाच मागून घेतलं होतं.

खुशी फार टिकली नाही. मित्रांनो, मी आयुष्यभर पीठ, साखर, लोणी तोललं आहे. आता माझ्या पारड्यात उकडलेली, बिनमिठाची कोंबडी पडू लागली. पाण्यात शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा पडू लागल्या. अंड्यांतलं पांढरं तेवढं पैलवान खायचा, पिवळा बलक वाडग्यात उरायचा. अन्न फेकणं मालकांच्या जिवावर यायचं, म्हणून ते बलक तेच खायचे. वरच्या मजल्यावर मालकांची बहीण राहायची, ती या पोराची आत्या. तिने हे पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाबद्दल काय सांगितलं होतं ते विसरलास का, असं तिने भावाला चांगलंच सुनावलं आणि वाडगा उचलून वर घेऊन गेली. एकाचं शरीर व्हायचं म्हणून दुसऱ्याने जीव द्यायचा का, असं ती जिन्यापर्यंत बडबडत होती.

पाव तर पहिल्या दिवशीच बंद झाला. वस्तादांच्या यादीत त्याला थारा नव्हता. मालक तरीही चकती ताटात ठेवायचे. पैलवान ती उचलून डब्यात परत ठेवायचा. मग तो थोडं थोडं, पण सारखं खायला लागला, वेळा बदलल्या, आणि तो ओट्याशी उभ्यानेच जेवू लागला. टेबलावर आता एकच ताट असायचं. मालक भात शिजवायचे तो मात्र पूर्वीसारखाच, एका पातेल्यात, दोघांचा. पैलवान पातेल्यातून चमच्याने भात काढून माझ्या पारड्यात घालायचा, दुसऱ्या पारड्यात थोरलं वजन ठेवायचा आणि काटा मधोमध येईपर्यंत शितं कमी करायचा. बाप गोळ्यावर चिमूट वाढवायचा आणि मुलगा शितं काढायचा. एकाच घरातली ही दोन माणसं.

मालकांना एवढंच हवं होतं की पोराने समोर बसून चार घास खावेत. आणि पोराला काय हवं होतं, ते मी ओट्यावरून ऐकलं. जिममधल्या मित्राशी तो फोनवर बोलत होता. नंबर आला नाही तरी चालेल, तो म्हणाला, पण मी वर उभा राहीन तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसलेले असले पाहिजेत. त्यांनी मला बघायला हवं. हे त्याने बाबांना सोडून सगळ्यांना सांगितलं असेल.

दिवस जात होते आणि पैलवान भरण्याऐवजी झिजत होता. गालफडं बसली, डोळे खोल गेले, मानेच्या शिरा दिसू लागल्या. वस्तादांना वाटलं, हा गडी खाणं चुकवतो. त्यांनी जिममध्ये सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली. तो आणखी काटेकोर झाला. पारड्यात एक शीत जास्त पडलं तर तेही उचलू लागला. मग त्याचे हात थरथरू लागले. दुकानात भिंग बसवताना कडेची कपची उडाली, आणि पुन्हा एकदा उडाली. दुकानदाराने त्याला घासायच्या यंत्रावरून उठवून फ्रेमा पुसायला बसवलं. हे त्याने आत्याला सांगितलं तेव्हा ती चुलीकडे बघत म्हणाली, "शरीर कमावतोयस म्हणतोस आणि होतं तेच घालवत सुटलायस." तो हसला नाही. ती पण हसवायला बोललीच नव्हती.

आता खरं काय होतं ते ऐका. वस्तादांनी दिलेलं वजन कच्च्याचं होतं. जिममधली बहुतेक मुलं खोल्या घेऊन एकटी राहायची, आपापलं धान्य कच्चं तोलायची आणि शिजवायची. तिथे ते कुणी बोलूनही दाखवत नसे, इतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका पातेल्यातून वाढून घेणारं घर वस्तादांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि पैलवानाला विचारायचं सुचलं नव्हतं. शिजल्यावर तांदूळ पाणी पितो, फुगतो, जड होतो. म्हणजे आमचा पैलवान ठरलेल्या तांदळाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जगत होता, आणि तेवढ्यावर लोखंड उचलत होता.

त्याने सगळ्यांत शेवटी संशय घेतला तो माझ्यावर. कुणाकडून तरी बॅटरीवर चालणारा, आकडे दाखवणारा काटा मागून आणला आणि माझं एकेक वजन त्याच्यावर ठेवून पाहिलं. आकडे बरोबर आले. येणारच होते. मालक दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी पाव परत केलेला सोसला होता, पण हे त्यांना लागलं. तरी ते शांतपणे म्हणाले, "तराजू बरोबर आहे रे. पण तू शिजलेलं का तोलतोस? आम्ही बेकरीत कच्चंच..."

"बाबा, मला पाव विकायचा नाहीये," पैलवान म्हणाला.

मालक तिथूनच वळले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी काय करणार होतो? तराजूला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारलं तेवढंच बोलता येतं. भात किती आहे, असं तो मला रोज विचारत होता, आणि मी रोज खरं उत्तर देत होतो. तो पोरगा माझ्या खऱ्या उत्तरांवर उपाशी राहत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, मुलगा दुकानात गेला होता. मालक पावाच्या पिठातला एक छोटा गोळा घेऊन माझ्यासमोर आले. मग त्यांनी माझं थोरलं वजन उलटं केलं. माझी दोन चिमुकली वजनं, जी आता कुणाच्याच उपयोगाची नव्हती, त्या पोकळ तळात बसवली. वरून पीठ दाबून भरलं, अंगठ्याने सारखं केलं आणि वजन सरळ करून ठेवलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या पावातली चिमूट मारली नाही, तो माणूस चोरासारखा दाराकडे बघत होता.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. पैलवानाने भात घातला, काटा मधोमध आला, आणि पारड्यात दोन घास जास्त होते. मालक पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. पोराने ते दोन घास खाल्ले. सकाळी कोंबडी दोन घास जास्त गेली, दुपारच्या डब्यातही तसंच झालं. मालकांची भीड चेपली. ते तळाला आणखी थोडं पीठ थापू लागले.

दोन घासांनी पैलवान होत नाही, हे मलाही कळतं. पण बुडणाऱ्याला तेवढं पुरतं. हाताची थरथर कमी झाली. चेहऱ्यावर थोडं पाणी आलं. वस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि आता खरं पाळायला लागलास म्हणाले. दुकानदाराने पुन्हा भिंगं हातात दिली. पैलवान ओट्याशी गुणगुणायला लागला आणि एका संध्याकाळी, भात तोलता तोलता, मान वर न करता म्हणाला, "बाबा, स्पर्धेला याल ना?"

"पहिल्या रांगेत बसणार," मालक म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रंकेतला पांढरा सदरा काढून आत्याकडे इस्त्रीला दिला. तो आठवडा आमच्या घरातला शेवटचा चांगला आठवडा.

पीठ वाळतं, मित्रांनो. वाळलं की आकसतं आणि तडकतं. मालकांना हे इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, पण आनंदात ते विसरले असावेत. एका सकाळी पैलवानाच्या ओल्या हातातून थोरलं वजन निसटलं आणि फरशीवर आपटलं. तळाचा खडा निघाला, फुटला, आणि त्यातून माझी दोन चिमुकली वजनं बाहेर पडून घरंगळली. एक त्याच्या पायाशी थांबलं. दुसरं कपाटाखाली गेलं. त्याने खाली बसून पिठाचे तुकडे हातात घेतले. त्याला समजायला वेळ लागला नाही. शेवटी तो बेकरीवाल्याचाच मुलगा होता.

आवाज ऐकून मालक आत आले.

"तुम्ही काटा मारलात, बाबा," तो म्हणाला.

काटा मारला. सगळ्या आयुष्यात हा शब्द मालकांबद्दल कुणी वापरला नव्हता, त्या खडूस गिऱ्हाइकानेही नाही. त्यांनी दाराची चौकट धरली.

"मी कधी कुणाला कमी दिलेलं नाही," ते म्हणाले. "तुलाही नाही दिलं."

"मला वाटत होतं मी माझ्या जोरावर उभा राहिलो. तुम्हाला अजूनही तेच वाटतं ना? की मी मोडेन?"

 मालकांना खरंच काही कळलं नव्हतं. "असं मी कधी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

त्यांना आठवत नव्हतं. पोराने ज्या एका वाक्यावर इतकी वर्षं काढली, ते वाक्य बापाच्या लक्षातही नव्हतं. मला वाटतं पैलवान दुखावला तो यानेच, पिठाने नाही.  त्याने मला धुतलं, पुसलं, कपाटावर ठेवलं, आणि कपडे भरून जिममधल्या एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

त्यानंतर मालक एकटे होते. पाव रोज भाजायचे. चकत्या दोन कापायचे. एक मुलाच्या ताटात ठेवायचे आणि संध्याकाळी ती डब्यात परत ठेवायचे. एका दुपारी त्यांनी झाडूची दांडी घालून कपाटाखालचं चिमुकलं वजन बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि दुसऱ्याशेजारी माझ्या पारड्यात आणून ठेवलं. आत्या म्हणायची, अरे, त्याला फोन कर, पोरगं तुझंच आहे. मालक म्हणायचे, स्पर्धा होऊ दे, आत्ता त्याचं चित्त हलायला नको. इस्त्रीचा सदरा स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर टांगलेला होता, चुरगळू नये म्हणून.

आणि तिकडे पोराला पहिल्याच संध्याकाळी सगळं उमगलं होतं; हे मी पुढे तो आत्याला सांगत होता तेव्हा ऐकलं. खोलीवर त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःपुरता भात लावला. मित्राने तांदूळ कच्चा तोलून त्याच्या हातात दिला. शिजला तेव्हा भात ताटात मावेना. एवढं सगळं माझं, असं त्याने विचारलं. मित्र म्हणाला, मग काय, रोज एवढंच तर खायचं असतं.  बाबांनी दारात उभं राहून हेच सांगितलं होतं, हे त्याला तेव्हा आठवलं. तसाच उठून घरी यावं असं त्याच्या मनात आलं. पण मग वाटलं, आता नीट खाऊ, अंग भरू दे, बाबांना पहिल्या रांगेत बसवू आणि मगच पाया पडू. म्हणजे दोघंही स्पर्धेची वाट बघत बसले होते, आणि दोघांनीही फोन केला नाही.

स्पर्धा जवळ आली होती. सकाळ होती. मालकांनी पाव भट्टीत सारला, खुर्ची ओढली आणि छातीवर हात ठेवून बसले. मग ते उठलेच नाहीत. मी कपाटावर होतो. थोड्या वेळाने खरपूस वास आला, मग करपल्याचा, मग धूर झाला. त्या माणसाच्या हातचा पाव जळताना मी पहिल्यांदाच पाहिला. धुराच्या वासानेच आत्या खाली धावत आली.

पुढचं मला फार सांगवत नाही. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. स्पर्धेचा दिवस आला तसा गेला. पैलवान गेला नाही. त्या दिवशी तो स्वयंपाकघरात बसून होता आणि समोर दाराला तो सदरा टांगलेला होता. आत्याने ताट वाढून आणलं. त्याने हात लावला नाही.

"त्यांनी मला सांगितलं होतं, आत्या," तो म्हणाला. "कच्चं तोल म्हणाले होते. मी बोलू दिलं नाही."

"आता खा थोडं," आत्या म्हणाली. 

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्याने मला खाली काढलं. पीठ घेतलं, मळलं, गोळा माझ्या पारड्यात ठेवला आणि वर एक चिमूट लावली. पाव बसकाच झाला, आत कच्चा राहिला. त्यातलंच थोडं पीठ त्याने बाजूला ठेवलं होतं. संध्याकाळी त्याने थोरलं वजन उलटं केलं, दोन्ही चिमुकली वजनं तळात बसवली आणि वरून पीठ दाबलं. अंगठा फिरवताना तो थांबला. मग एका माणसाचा तांदूळ घेऊन तो कच्चाच तोलला, एका पातेल्यात शिजवला, दोन ताटं मांडली आणि टेबलाशी बसून जेवला. पूर्ण जेवला. तो अजून जिमला जातो. चांगला भरलाय. स्पर्धेला मात्र तो कधीच उभा राहिला नाही.

पीठ अजूनही वाळतं आणि तडकतं. मग तो नवीन भरतो.

तर अशी माझी खोट, मित्रांनो. शरीर कमवा, जरूर कमवा, नेम पाळा, तोलून खा. पण तुमच्या ताटाकडे डोळे लावून कुणी दारात उभं असेल, तर एकदा मान वर करा आणि त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. जे सांगायचं असेल ते एखाद्या मोठ्या दिवसासाठी राखून ठेवू नका. आणि मी म्हातारा झालो आहे, तर माझ्यासाठी एक मागणं. मला पुसून कोरडं ठेवा, दांडी काळी पडू देऊ नका. पण कुणी शहाणपणाने माझं थोरलं वजन उलटं करून तळ खरवडू नका. मला खरा करू नका. या घरात ते दोन घास जास्तच पडू द्या.